सातव्या शिट्टीपर्यंत

"ऐकलंस का ग? वन्संनी मला काही म्हटलंच नव्हतं!"

भिंतीपलीकडून आधी काकूंचा आवाज आला, मग फुलांची परडी आणि शेवटी काकू. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आमच्या दोन घरांमधली भिंत जेमतेम खांद्याइतकी. त्यांचा पारिजातक आमच्याकडे सांडतो, आमचा कढीपत्ता त्यांच्याकडे वाकतो. फुलं मी वेचायची, पानं त्यांनी तोडायची, असा न बोललेला करार आहे. मल्लेश्वरममध्ये मार्गोसा रोडच्या क्रॉसवर अशी बसकी, अंगणवाली घरं आता शोधावी लागतात. काकू लग्न होऊन बेळगावहून इथं आल्या, त्याला ४५ वर्षं झाली. मी पुण्याहून आले, त्याला चार.

"कुकरला हरभरे लावून आलेय. शुक्रवार ना आज! सात शिट्ट्या हव्यात. तूही मोज बाई, बोलायला लागले की मला भान राहत नाही."

"मोजते. पण वन्सं काय म्हणाल्या नव्हत्या?"

"तेच तर सांगायला आले. तीन आठवडे मी त्यांच्याशी धड बोलले नाही, माहितेय? त्यांचा कॅलिफोर्नियाहून रोज रात्री साडेआठला फोन असतो. त्यांच्याकडे तेव्हा सकाळचे आठ. आई जेवण उरकून, कानाला यंत्र लावून, टॅब समोर घेऊन बसतात. त्या दिवशी स्पीकरवर होतं, मी पोळ्या लाटत होते. वन्संचा आवाज कसा, तर विहिरीत पडलेल्या माणसासारखा. 'गणपतीला... येणा... नाही... वहिनी... काही करत... नाही.' आणि फोन बंद!"

"अरे देवा."

"आईंनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, काय म्हणाल्या? तर म्हणतात, काही नाही, लाइन खराब होती. अगं, लाइन खराब होती तर माझ्याकडे बघून कशाला सांगायचं? मी आपली रात्रभर जागी. वहिनी काही करत नाही! ४५ वर्षं त्यांच्या आईचं पथ्यपाणी केलं आणि वहिनी काही करत नाही!"

पहिली शिट्टी झाली. मी बोट दुमडलं.

"मग फोनवालं कोणी आलं नाही का बघायला?"

"आला की इंटरनेटवाल्यांचा मुलगा. पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, प्लॅन लहान पडतोय, मोठा घ्या. ह्यांनी लगेच घेतला. महिन्याचे पैसे वाढले, पण वन्सं अजून विहिरीतच. मोबाइलवरून लावावा, तर आमच्या जुन्या जाड भिंतींत रेंज कुठली? घरात बोलायचं तर वायफायवरूनच. शेवटी आप्पांना बोलावलं."

आप्पा म्हणजे आमच्या ओळीतलं तिसरं घर. दूरवाणीनगरच्या आयटीआयमधून निवृत्त झालेले. मुलांच्या शिक्षणाचं आयटीआय नव्हे, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९४८ मध्ये बंगळूरला सुरू झालेला कारखाना. एकेकाळी घराघरात कोनाड्यात बसलेले ते काळे, जड फोन तिथं बनत. बेळगावकडच्या कित्तूरला १९८६ मध्ये सीडॉट या सरकारी संस्थेचं १२८ लाइनींचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज बसलं. एसी नसला तरी ते धूळउन्हात चालायचं. त्याची गोष्ट आप्पा लग्नात, मुंजीत, बाराव्याला, कुठंही सांगतात.

"आप्पांनी काय केलं?"

"काही उघडलं नाही, ठोकलं नाही. लॅपटॉप घेऊन बसले आणि ते कसलं पिंग लावलं. बाहेर एक हाक मारायची आणि ती किती वेळात परत येते ते बघायचं. १२ मिलिसेकंद. आप्पा म्हणाले, उत्तम. मग वरच्या मुलाला हाक मारली."

वरचा मुलगा म्हणजे काकूंचा भाडेकरू. लग्नांचे व्हिडिओ काढतो. इकडे आषाढ संपला की श्रावणात लग्नांची झुंबड उडते, त्यामुळं त्याला सध्या मान वर करायला फुरसत नाही. वायफाय काकूंचंच वापरतो, भाड्यातच धरलेलं आहे.

"आप्पा त्याला म्हणाले, तुझी फिल्म पाठव बघू. त्यानं पाठवायला लावली आणि आकडा चढला की ग! १२ चे ३००, ३०० चे ९००, मग दीड हजार! नुसती हाक जाऊन यायला दीड सेकंद! तो रोज रात्री आठ ते अकरा नवरानवरी चढवत-उतरवत असतो, येणारी-जाणारी दोन्ही वाट अडते. आणि आमचा फोन साडेआठचा."

दुसरी शिट्टी.

"पण काकू, प्लॅन मोठा केला होता ना?"

"तेच मी विचारलं. आप्पा म्हणाले, वहिनी, प्लॅन वाढवला म्हणजे नळ मोठा केला, पण वरचा मुलगा पाणी भरतोय टँकरमध्ये. जेवढं येईल तेवढं तो घेणार. त्यातून प्लॅनवर लिहिलेला आकडा घरात येणाऱ्या डेटाचा असतो, बाहेर जाणाऱ्याचा अनेकदा बारीक. आमच्याकडे आत १००, बाहेर ५. आता गंमत ऐक. फोनला किती लागतं?"

"किती?"

"जुन्या पद्धतीचा स्वच्छ आवाज म्हटला तर ६४ किलोबिट. वरचं पत्ताबित्ता धरून ८०. व्हॉट्सअ‍ॅपसारख्यांना त्याहूनही कमी. म्हणजे आमच्या त्या बारीक ५ मेगाबिटमध्येसुद्धा ६० फोन एका वेळी मावतील. रस्ता अपुरा नव्हताच. रांग चुकली होती."

हे मला कळत होतं, कारण दिवसभर माझंही तेच काम. तरी काकूंच्या तोंडून ऐकायला मजा येत होती. आवाजाची पाकिटं होतात, दर २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचं एक, म्हणजे सेकंदाला ५०. पाकीट इवलंसं, पण वेळेवर पोचायला हवं. व्हिडिओची पाकिटं जाडजूड आणि असंख्य, पण ती अर्धा तास उशिरा पोचली तरी नवरीला काही कळत नाही.

"आप्पांनी सीटीआर हॉटेलचं सांगितलं बघ," काकू म्हणाल्या. "रविवारी सकाळी तिथं बाहेर किती माणसं उभी असतात? त्यात एकाला ४० बेण्णे दोसे पार्सल हवेत आणि त्याच्या मागं एक म्हातारा नुसत्या कॉफीसाठी उभा. सरळ रांगेनं गेलं तर म्हाताऱ्याला कॉफी मिळणार ४० दोशांनंतर. दोसे वाट बघतील, कॉफी निवते. आणि उशिरा आलेला शब्द तर निवलेल्या कॉफीहून वाईट. टॅब तो टाकूनच देतो, कारण तोवर पुढचा शब्द वाजायची वेळ झालेली असते. वन्संचे शब्द असे टाकले जात होते, कळलं? आणि त्यातून 'वहिनी काही करत नाही' उरलं."

तिसरी.

"पण काकू, राऊटर इतकी लांब रांग लागूच का देतो? जागा नाही म्हणून सांगायचं की व्हिडिओला."

"सांगत नाही ना! मेमरी स्वस्त झाली म्हणून बनवणाऱ्यांनी राऊटरच्या पोटात भली मोठी कोठी करून ठेवली. आप्पांनी पाटीवर हिशेब करून दाखवला. कोठीत एक मेगाबाइट साठलं आणि बाहेरचा रस्ता ५ मेगाबिटचा असला, तर शेवटच्या पाकिटाला बाहेर पडायला १.६ सेकंद. आमच्या पिंगचा दीड हजार तिथूनच आला."

यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, याला नाव आहे, बफरब्लोट. जिम गेटिस नावाच्या माणसाला २०१० च्या सुमारास हे आपल्या स्वतःच्या घरातच सापडलं. मोठी फाइल पाठवताना घरचं इंटरनेट लंगडतं, हे पाहून तो मागं लागला. इंटरनेटची मोठी पाठवणूक मुळात समजूतदार असते. वाटेत पाकीट पडलं की तिला गर्दी कळते आणि ती आपोआप वेग कमी करते. पण कोठी इतकी मोठी की पाकीट पडतच नाही, नुसतं साठत राहतं. गर्दीची बातमी पोचतच नाही.

काकूंनी टाळी वाजवली. "स्वल्प अॅडजस्ट माडी!"

बंगळूरच्या बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला बसायचं असलं की हे वाक्य येतं: जरा सांभाळून घ्या. इथं राहायला आलं की कन्नडमधलं पहिलं हेच शिकतात.

"अगदी तेच. व्हिडिओ अॅडजस्ट करायला तयार आहे, पण त्याला कोणी सांगतच नाही. आणि फोनला अॅडजस्ट करताच येत नाही, तो बिचारा मुळातच अंग चोरून बसलेला."

"माझ्यासारखा," काकू म्हणाल्या. "बरं, मग आप्पांनी राऊटरचं ते पान उघडलं, क्यूओएस, कोणाला आधी सोडायचं ते ठरवायचं. आणि तिथं खरं रामायण झालं. त्यात तीनच पायऱ्या, हाय, मीडियम, लो. घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी आली आणि आप्पांनी विचारलं, हाय कोणाला?"

"मग?"

"मग काय! चिरंजीव म्हणाले, माझी ऑफिसची मीटिंग. हे म्हणाले, माझं क्रिकेट. नातू म्हणाला, गेममध्ये एक क्षण उशीर झाला तर मी मरतो, आणि त्याचे डोळे खरंच भरून आले. वरचा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, अंकल, क्लायंट ओरडतो. सगळे हायमध्ये! आप्पा म्हणाले, लग्नात सगळेच व्याही असले तर जेवायला वाढणार कोण? सगळ्यांना पहिलं पान म्हणजे कोणालाच पहिलं पान नाही."

चौथी शिट्टी झाली. का पाचवी? मी काकूंकडे पाहिलं, पण काकू रंगात आल्या होत्या.

"या पहिल्या पानाचं मला काही नवल नाही हो. माझ्या लहानपणी बेळगावात ट्रंक कॉल लावायचा, तेव्हा बाई विचारायची, ऑर्डिनरी, अर्जंट का लायटनिंग? अर्जंटला दुप्पट पैसे, लायटनिंगला तर छातीत धडकी भरेल इतके. ऑर्डिनरी लावून सकाळपासून बसायचं, संध्याकाळी आवाज यायचा. आमचे अण्णा लायटनिंग एकदाच बोलले, आजोबा गेले तेव्हा. म्हणजे आधी कोण जाणार हे पैशावर ठरायचं."

"आता तसं नाही," मी म्हटलं. "डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलनं इंटरनेटवरच्या कॉलना वेगळा दर लावायचं जाहीर केलं होतं. इतका गदारोळ झाला की थोड्याच दिवसांत मागं घेतलं. त्यावरूनच आपल्याकडे नेट न्यूट्रॅलिटीचा वाद पेटला. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं मजकूर बघून वेगळे दर लावायला बंदी घातली, २०१८ मध्ये सरकारनंही तत्त्व मान्य केलं. बाहेरच्या रस्त्यावर कंपनीनं उगाच डावंउजवं करायचं नाही."

"आणि घरात?"

"घरात तुम्ही मालक. तुमच्या ओसरीवर कोणाला आधी बसवायचं ते तुम्ही ठरवा. पाकिटावर शिक्कासुद्धा मारता येतो. आवाजासाठी ठरलेला आकडा ४६ आहे. वायफायमध्येही आवाजाची वेगळी रांग असते. पण तो शिक्का तुमच्या फाटकापर्यंतच. पुढं कोणी तो बघतो, कोणी पुसून टाकतो."

"आप्पाही तेच म्हणाले. पुढचं आपल्या हातात नाही. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटर पळतो. कॅलिफोर्निया सरळ रेषेत धरली तरी १४,००० किलोमीटर. म्हणजे ७० मिलिसेकंद देवाघरचेच, आणि तारा काही सरळ जात नाहीत, चेन्नई नाहीतर मुंबईहून समुद्रात उतरून वळणं घेत जातात. बोलणं नीट व्हायचं तर एका बाजूचा उशीर १५० च्या आत हवा म्हणे. त्यापुढं गेलं की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि 'बोल बोल, नाही तू बोल' यातच फोन संपतो. तेव्हा समुद्रानं खाल्ल्यावर जे थोडं उरतं, ते घरात उधळायचं नाही."

"मग हाय कोणाला मिळालं?"

"आईंच्या टॅबला. आप्पांनी ठरवून टाकलं. व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं कुलूपबंद असतं, राऊटरला आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून अॅप बघून नाही, तर टॅब बघून हाय. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी नातवानं आईंच्या टॅबवर गेम टाकला."

मी इतकी हसले की हातातला चिमटा भिंतीपलीकडे पडला. काकूंनी तो उचलून दिला.

"मग आप्पांनी स्वतःकडचा जुना राऊटर आणला. त्यात ओपनडब्ल्यूआरटी नावाचं सॉफ्टवेअर घातलेलं, आणि त्यात रांग आवरणारं एसक्यूएम. आधी बाहेर जायचा खरा वेग मोजला, ४.८ भरला. आप्पांनी भरले ४.२. आत येणारंही तसंच आवळलं. मी म्हटलं, अहो, पैसे पाचचे भरतो आणि तुम्ही कमी करताय? तर म्हणाले, वहिनी, पूर्ण सोडलं तर रांग रस्त्यावर लागते, कंपनीच्या डब्यात, आणि तिथं आपलं काही चालत नाही. थोडं आवळून धरलं की रांग आपल्या ओसरीवर लागते. ओसरीवर आपण सांगू ते होतं."

"आणि हाय-लो?"

"काहीच नाही! कोणाचं नाव नाही की पायरी नाही."

ही युक्ती मला माहीत होती, तरी पुढचं मी काकूंनाच सांगू दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी एक पद्धत मांडली. रांगेत पाकीट किती वेळ उभं राहिलं ते बघायचं, आणि वेळ फार झाला तर एखादं टाकून द्यायचं, म्हणजे पाठवणाऱ्याला गर्दी कळते. त्याला जोड देऊन प्रत्येकाची वेगळी ओळ केली, आणि जो क्वचित येतो, थोडं मागतो, त्याला आधी सोडायचं. त्याला एफक्यू-कोडेल म्हणतात.

"आपल्या काडु मल्लेश्वराच्या देवळातल्यासारखं," काकू म्हणाल्या. "व्यंकोजीराजांचा १६६९ चा शिलालेख आहे तिथं, म्हणजे मराठी माणूस मल्लेश्वराच्या दारात साडेतीनशे वर्षं उभा आहे बघ. श्रावणी सोमवारी रुद्राभिषेकाला आख्खी घरंच्या घरं ताटं घेऊन बसलेली असतात. मी हातात एक फूल घेऊन गेले की पुजारी खुणेनं बोलावतात, बन्नी अम्मा. मला काय, एक फूल वाहायचं आणि निघायचं. त्यानं अभिषेकवाल्यांचं काय बिघडतं? आणि मी कोण, कुठली, कोणाची सून, हे पुजाऱ्यांना विचारावं लागत नाही. हातात किती आहे तेवढं बघितलं की पुरे. नातवानं टॅबवर गेम उतरवायला घेतला तर तो आपोआप ताटवाल्यांत जातो."

शिट्टी झाली. आता मात्र आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"किती झाल्या ग?"

"पाच. नाही, सहा."

"बघ! तुला मोजायला बसवलं आणि तूच बोलायला लागलीस."

"बरं, ते राहू द्या. वन्संचं सांगा. खरं काय म्हणाल्या होत्या त्या?"

काकू भिंतीवर कोपर टेकून जवळ आल्या. आवाज खाली आला.

"काल रात्री. वर फिल्म चढतेय, इकडे क्रिकेट, तिकडे गेम. साडेआठला फोन. अगं, वन्सं शेजारच्या खोलीत बसल्यासारख्या! त्यांच्याकडं कुत्रं भुंकलं तेसुद्धा आलं. आणि म्हणाल्या, 'आई, तिकीट काढलं. मागं सांगितलं होतं ना, गणपतीला येणार, नाही जमलं तर दिवाळीला. जमलं गणपतीला. आणि वहिनीला पुन्हा सांग हं, माझ्यासाठी काही करत बसायचं नाही.'"

"काही करत बसायचं नाही!"

"त्यातला 'माझ्यासाठी' बुडाला, 'बसायचं' बुडालं. मी पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले आणि म्हटलं, वन्सं, तुम्ही या तर खरं, मी सगळं करणार! त्या म्हणाल्या, वहिनी, गेले तीन आठवडे तुझा आवाज असा तुटक का येत होता?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, लाइन खराब होती."

आम्ही दोघी हसलो. मग मला माझं आठवलं. आमच्याकडे दुपारी तीनच्या मीटिंगला माझाही आवाज तुटतो, आणि त्याच वेळी नवऱ्याच्या लॅपटॉपचा बॅकअप चालू असतो. मी विचारलं, आप्पा आमच्याकडे येतील का?

"येतील की. पण आधी तू स्वतः पिंग लावून बघ, बॅकअप बंद असताना आणि चालू असताना. आकडा चढला तर आप्पांना बोलव. नाही चढला तर दोष बहुतेक वायफायचा, राऊटर कपाटातून काढून बाहेर ठेव. जुन्या घरांत लोक तो देव्हाऱ्याशेजारी ठेवतात आणि भिंत मधे येते. आणि ऑफिसचा टेबलावरचा फोन असला तर राऊटरमधलं एसआयपी एएलजी बंद कर. मदतीला म्हणून ठेवलेलं असतं आणि मधेच लुडबुड करतं."

"काकू, तुम्ही आता आप्पांच्या पुढं गेलात."

"जाईन नाहीतर काय? राऊटरचा नवा पासवर्ड माझ्याकडे आहे. कालनिर्णयच्या मागं लिहून ठेवलाय. आप्पांनी विचारलं, कोणाकडे ठेवायचा, तर घरात पुन्हा सगळ्यांनी हात वर केले. मी एकटी काही बोलले नाही. आप्पांनी कागद माझ्या हातात दिला. परवा हे माझ्याकडे आले, क्रिकेटला जरा बघ ना म्हणून. वरचा मुलगा तर शेंगा घेऊन आला होता."

"आणि तुम्ही?"

"शेंगा ठेवून घेतल्या. सेटिंग तेच."

तेवढ्यात कुकर पुन्हा बोलला. काकूंनी परडी उचलली, चार पानं कढीपत्ता तोडला आणि वळल्या.

"ही सातवी ना?"

"सातवी असेल. मधली एक हरवली बहुतेक."

"मधली एखादी हरवली तर चालतं," काकू चालता चालता म्हणाल्या, "आप्पा म्हणतात, कान ती भरून काढतो. पण शेवटची उशिरा ऐकून चालत नाही, हरभरे लगदा होतात!" आणि त्या आत गेल्या.

थोड्या वेळानं भिंतीवर उसळीची वाटी आली. हरभरे जरा जास्तच शिजले होते.